पाटील : हुद्दा की आडनाव?

मंडळी, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 'पाटील' लिहिताना गुरुजींची लेखणी क्षणभर थांबावी, असे मला वाटते. कारण पाटील हे मुळात कुळाचे नाव नव्हेच. तो गावचा हुद्दा. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकिल' असा शब्द येतो, त्याचेच हे रूप मानतात. गुजरातेतला पटेलही त्याच घरचा.

पाटलाने सारा वसूल करावा, गावचे तंटे मिटवावेत. पोळ्याला मानाचा बैल त्याचा. वतनाच्या कागदावर त्याची निशाणी नांगराची, कुलकर्ण्याची लेखणीची. महादजी शिंद्यांचा दरारा दिल्लीपर्यंत. पण स्वतःस पाटील म्हणवून घेण्यातच त्यांना भूषण वाटे!

गावे नाना लोकांची, तसे पाटीलही नाना जातींचे : मराठा, कोळी, आगरी, लिंगायत, जैन. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन घराण्यातले. तेव्हा गुरुजी, आडनावावरून जात ताडू नका. न विचारता रजिस्टरात तर लिहूच नका.

मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. पोलीस पाटील आजही आहे, पण तो वंशाने नव्हे, नेमणुकीने. आडनाव तेवढे मागे राहिले, आणि त्याबरोबर घोटाळाही. एक भाऊ सातबाऱ्यावर 'जाधव', दुसरा शाळेच्या दाखल्यावर 'पाटील'. वारसनोंदीला गेले म्हणजे चावडीवर विचारतात, हे दोघे सख्खे कशावरून? म्हणून पोराचे नाव घालायला जाल, तेव्हा आजोबांच्या कागदावर काय लिहिले आहे ते आधी पाहून जा.