गादीत अडलेले पाणी

जानेवारीत केडगावच्या शाळेतील मुलांसोबत भिगवणला जाण्याचा योग आला. दौंडच्या पुढे उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या उथळ, पसरट पाण्यावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी येऊ लागले. ते पाहायला आम्ही होडीत बसलो. फळ्यांवर निळ्या रेक्झिनच्या गाद्या होत्या. हात लावून पाहिला तर कोरड्या. तासाभराने उतरलो तेव्हा निम्म्या मुलांचे कपडे मागून ओले!

सातवीतल्या एका मुलीने नावाड्याला विचारले, "काका, गादी तर कोरडी होती ना?"

"वरनं कोरडीच हाय, पोरी. रोज उन्हात टाकतो, पण आतनं वाळंनाच झालीय," तो म्हणाला.

"आमच्या पप्पांच्या मोटारसायकलची सीट पण अशीच आहे," दुसरा एक मुलगा म्हणाला. "पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी बसलं की पँट भिजते."

पाऊस पडून तीन महिने होत आले होते. मग पाणी आले कोठून, आणि रोज उन्हात ठेवूनही ते जात का नाही? नावाड्याने एक जुनी गादी आम्हाला देऊन टाकली. शाळेत आणून ती उसवली तर आत कुबट वास, आणि तळाच्या बाजूला फोमवर काळे-हिरवे ठिपके. त्या गादीभोवती झालेली चर्चा आणि गणिते येथे मांडत आहे. आठवी-नववीच्या वर्गात ती सहज करून घेता येतील.

पाणी आत कसे शिरते?

गादीचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. समजा, गादी ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि १० सेंमी जाड आहे. तिचे आकारमान २४ लिटर. फोमची घनता दर घनमीटरला ३० किलोग्रॅम धरली तर त्याचे वजन भरेल सुमारे ७२० ग्रॅम. पण पॉलियुरेथेन या पदार्थाची स्वतःची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, दर घनसेंटिमीटरला सुमारे १.२ ग्रॅम आहे. म्हणजे २४ लिटरच्या गादीत खरा फोम जेमतेम ०.६ लिटर. उरलेली २३.४ लिटर जागा हवेची! ही हवा एकमेकींना जोडलेल्या छिद्रांमध्ये असते. तिची जागा पाणी घेऊ शकते.

रेक्झिनमधून पाणी जात नाही हे खरे, पण शिवणीतून जाते. या गादीच्या वरच्या कडेची लांबी २०० सेंमी आहे. दर ४ मिलिमीटरला एक टाका म्हटले तरी सुईची ५०० छिद्रे झाली. गादीवर बसलो की आतली हवा या छिद्रांतून बाहेर पडते आणि उठलो की फोम फुगून पुन्हा आत ओढतो. त्या वेळी वर पाणी साचलेले असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. होडी धुताना पडलेले पाणी, वल्ह्याचे शिंतोडे, पहाटेचे दव, सारे असेच शिरते. म्हणजे गादी हा एक पंपच आहे.

उन्हाळ्यात हा पंप कोणी न बसताही चालतो. दुपारी गादीतली हवा ५५ अंशांपर्यंत तापली आहे आणि वळवाची सर आली. हवा २५ अंशांवर उतरली तर तिचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी घटेल (३२८ केल्व्हिनवरून २९८ केल्व्हिन). २३ लिटर हवेत ही घट दोन लिटरची. ती भरून काढताना गादी थोडी चेपते, थोडी हवा आत येते आणि शिवणीवर पाणी असेल तर तेही आत येते.

उन्हात ठेवूनही का वाळत नाही?

आत एक लिटर पाणी आहे आणि ते केवळ बाष्प होऊन बाहेर जायचे आहे, असे समजू. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे गादीतल्या साऱ्या हवेत बाष्प असते फक्त ०.७ ग्रॅम. ही हवा बाहेर जाऊन तिच्या जागी नवी हवा आली तरी ती नवी हवा स्वतःचे बाष्प घेऊनच येते. पावसाळ्यात बाहेरची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर एका अदलाबदलीत ०.१४ ग्रॅम पाणी जाईल. एक लिटर घालवायला सुमारे ७००० अदलाबदली हव्यात! हवा कोरडी, ३० टक्के आर्द्रतेची असली तरी सुमारे २००० लागतील. आणि ही सारी वाहतूक सुईच्या छिद्रांतून व्हायची.

ऊन येथे फारसे उपयोगी पडत नाही. वरची बाजू तापते, तिथले पाणी बाष्प होते, पण बाहेर जायला वाट नसल्याने ते खालच्या थंड थराकडे सरकते आणि पुन्हा पाणी होते. वरून कोरडी आणि खालून ओली अशी गादी तयार होते. आपण बसलो की तळाचे पाणी दाबले जाऊन वर येते. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

पण याच एक लिटर पाण्याला द्रवरूपातच खाली गळू दिले तर? मग बाष्पीभवनाची उष्णता नको, हवेची अदलाबदल नको. गुरुत्वाकर्षण फुकट काम करते. पाणी आत येऊ नये म्हणून आपण जेवढी धडपड करतो, त्याच्या निम्मीही आलेले पाणी बाहेर कसे जाईल यासाठी करत नाही. शेतकरी याला निचरा म्हणतो. काळ्या जमिनीत उसाला पाणी किती दिले यापेक्षा त्याचा निचरा होतो की नाही याला महत्त्व असते, हे कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या केडगावच्या मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

स्पंजचा प्रयोग

साहित्य: विटेच्या आकाराचा एक स्पंज, पाण्याची बादली, ताट, मोजपात्र.

स्पंज पाण्यात दाबून पूर्ण भिजवा. दोन्ही हातांवर आडवा धरून बाहेर काढा. पाणी गळेल आणि थांबेल. आता तो न दाबता लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! ते थांबले की आखूड बाजूवर उभा करा. आणखी पाणी गळेल. प्रत्येक वेळी गळालेले पाणी मोजा.

स्पंज तोच, छिद्रे तीच, मग असे का होते? बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने धरून ठेवले जाते, पण ठरावीक उंचीपर्यंतच. त्या उंचीच्या वरचे पाणी खाली उतरते. फोमसाठी ही उंची काही सेंटिमीटर असते. ती ४ सेंमी आहे असे धरून आपल्या गादीचे गणित करू. गादी आडवी असेल तर तळाचा ६० × ४० × ४ सेंमीचा थर, म्हणजे ९.६ लिटर पाणी, अडून राहू शकते. लांब कडेवर उभी केली तर ६० × १० × ४, म्हणजे २.४ लिटर. आखूड कडेवर उभी केली तर ४० × १० × ४, म्हणजे फक्त १.६ लिटर. अर्थात खाली पाण्याला वाट हवी. काहीही खर्च न करता, नुसती गादी उभी केल्याने हा फरक पडतो.

बुरशीला काय लागते?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांचा आकार काही मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग, इतका लहान. सुईच्या छिद्रातून ते सहज आत जातात. त्यांना अडवणे शक्य नाही. त्यांना रुजायला ऊब, अन्न आणि ओल लागते. ऊब आपल्याकडे वर्षभर आहे. अन्न म्हणजे धूळ, घाम, खाऊचा चुरा, सुती दोरा, इतकेच काय, रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्येही काही बुरश्यांना चालतात. उरली ओल. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशी वाढू लागते. बंद ओल्या गादीत ती नेहमीच १०० टक्क्यांच्या आसपास असते. तिघांपैकी फक्त ओल आपल्या हातात आहे.

काळे ठिपके आत खोलवर गेले असतील तर फोम टाकून देणे बरे. वरून औषध लावल्याने आतली बुरशी मरत नाही. उसवण्याचे काम उघड्यावर, नाकाला फडके बांधून करावे आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना दूर ठेवावे. बीजाणूंमुळे त्यांना धाप लागू शकते.

मग करावे काय?

१. खालच्या बाजूला रेक्झिनऐवजी जाळीचे कापड लावावे. ते जमत नसेल तर पाणी जिथे साचते तिथे, खालच्या कोपऱ्यांत, धातूच्या रिंगा बसवून भोके पाडावीत.

२. सपाट फळीवर ठेवलेल्या गादीची भोके फळीनेच बंद होतात. फळीवर दोन आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे खालून हवाही खेळेल. कांद्याच्या चाळीचा तळ जमिनीपासून उंच आणि फटींचा का ठेवतात, ते मुलांना आठवायला सांगावे.

३. शिवण वरच्या कडेला न ठेवता बाजूला खाली घ्यावी.

४. संध्याकाळी गाद्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. वर ताडपत्री टाकली तरी खालची बाजू उघडी असावी.

५. फोमला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळण्याचा उपाय पहिल्या भोकापर्यंतच चालतो. त्यानंतर तीच पिशवी पाणी आत कोंडून ठेवते.

६. नवी गादी करताना बंद छिद्रांचा फोम वापरावा. रबरी स्लिपरचा तळवा ज्या ईव्हीएचा असतो, त्याच जातीचे तक्ते मिळतात. त्यात हवेचा प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र कोंडलेला असल्याने पाणी शिरत नाही. तो थोडा कडक असतो, इतकेच.

गादी तरंगते का?

हा प्रश्न मुलांनी विचारला, आणि तो गमतीचा नव्हता. २१ मे २०२४ रोजी याच उजनीच्या पाण्यात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान, वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. पाण्यात पडलेला माणूस हाताला लागेल ते धरतो. फोमची गादी कोरडी असेल तर तरंगते, पण वर पाहिल्याप्रमाणे तिला तरंगवते ती आतली हवा. हवेची जागा पाण्याने घेतली की उरतो पाण्याहून जड असा पदार्थ. भिजलेल्या गादीचा आधार वाटतो तितका नसतो, आणि तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

म्हणूनच जीवरक्षक जाकिटात बंद छिद्रांचा फोम घालतात. पूर्वी त्यात पांढऱ्या सावरीचा कापूस भरत. त्याचे तंतू पोकळ आणि मेणचट असल्याने पाणी लवकर धरत नाहीत. पण जाकिटाचे कापड, पट्टे आणि शिवण यांना ओल आणि बुरशी लागतेच. जाकिटे ओली असताना ढिगाने कोंबू नयेत. सावलीत, हवेशीर जागी टांगावीत, कारण कडक उन्हाने त्यांचे पट्टे कमजोर होतात. होडीत चढताना गादी कोरडी आहे का हे पाहण्याआधी जाकीट अंगात आहे का, हे पाहावे.

शाळेतही हा धडा लागू पडतो. खेळाच्या खोलीत आडव्या रचलेल्या उड्यांच्या गाद्या पावसाळ्यानंतर मुलांकडून बाहेर काढून घ्या. कोणती गादी कोणत्या बाजूने ओली आहे, ठिपके कोठे आहेत, शिवण कोठे आहे, याची नोंद करायला सांगा. मग निम्म्या गाद्या उभ्या आणि निम्म्या आडव्या ठेवून आठवडाभर रोज वजन करा. गणित बरोबर होते का, ते तराजूच सांगेल.

आमच्या नावाड्याने त्याच महिन्यात गाद्यांच्या खालच्या बाजूला जुन्या मच्छरदाणीची जाळी शिवून घेतली. आता संध्याकाळी त्या होडीत ओळीने उभ्या दिसतात.