पाढे पाठ, पण हातचा निसटतो

मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगात (एएलएल) रोगट पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात दडून बसतात. शिरेतून दिलेली बरीचशी औषधे तिथवर नीट पोचत नाहीत. म्हणून कमरेत सुई टोचून मेथोट्रेक्सेट थेट मणक्यातल्या पाण्यात सोडतात. पूर्वी अनेकांना डोक्याला रेडिएशनही देत. त्याने बुद्ध्यांक घसरे. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने ते सरसकट वगळूनही मुले बरी होतात, हे २००९मध्ये दाखवले.

नुसत्या केमोचा मेंदूवरचा परिणाम बहुधा सौम्य, पण फसवा. पाढे पाठ असतात, तोंडी गणितात हातचा निसटतो. फळ्यावरचे उतरवून होण्याआधीच फळा पुसला जातो. लहान वयात उपचार झाले तर धोका अधिक, आणि त्रास काही वर्षांनीही उघड होतो. ‘आळशी’ ठरवण्याआधी वर्गशिक्षकांना आजाराची कल्पना द्या, परीक्षेत जादा वेळ मागा.