‘नीट’ पुन्हा देताना

२०२५ च्या जूनमध्ये ‘नीट’चा निकाल लागला आणि आमच्या वडीगोद्रीच्या घरात दोन दिवस धड स्वयंपाक झाला नाही. जाऊबाईंच्या मुलीचं मेडिकल हुकलं होतं. तिसऱ्या दिवशी पाहुणे म्हणाले, “आता स्थळं बघा.”

मैत्रिणींनो, तुमच्या घरी ही वेळ आली तर एवढंच सांगते, दुसरं वर्ष पहिल्यासारखं घालवू नका.

आम्ही तिची उत्तरपत्रिका नि उत्तरसूची शेजारी ठेवली आणि वहीत तीन रकाने आखले : आलंच नाही, घाईत चुकलं, अंदाजानं लिहिलं. पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. म्हणजे येत असलेला प्रश्न घाईत चुकला तर पाच गुणांचा फटका! घाईचाच रकाना सर्वांत लांब निघाला.

मग नवी पुस्तकं घेतलीच नाहीत. एनसीईआरटीची जुनीच पुन्हा वाचली. दर रविवारी दुपारी २ ते ५ सराव पेपर. तेवढा वेळ घरात टीव्ही नाही, मिक्सर नाही. संध्याकाळी चुका ती मला समजावून सांगायची.

२०२४ पासून जालन्यातच १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. तरी डेंटल, आयुर्वेद हे पर्यायही आधीच बोलून ठेवा. तेही ‘नीट’च्याच गुणांवर मिळतात.

हळूहळू घाईचा रकाना दोन प्रश्नांवर आला. पाहुणे पुन्हा आले तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, “हळू बोला, पोरगी पेपर सोडवतेय.”