थंडीतील रात्रपाळी आणि आपले शरीर

परभणी म्हटले की उन्हाळाच आठवतो. पण 2018 च्या डिसेंबरअखेर येथील कृषी विद्यापीठात पारा 2 अंशांपर्यंत उतरला होता. अशाच रात्री गहू-हरभऱ्याला पाणी देणारी माणसे शेतात उभी असतात. कृषिपंपांची वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळत आली आहे. म्हणजे सालगडी, शेतमजूर हेदेखील रात्रपाळीचेच कामगार; कारखान्यांचा कायदा मात्र त्यांना लागू नाही. 2017 साली सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना जेथे पोचली, तेथे दिवसा पाणी देता येते. बाकीच्यांची रात्र चुकत नाही. आम्ही बँकेत पीककर्जाच्या नोंदी करतो, त्या नोंदींत ही थंडी कोठेच येत नाही.

शरीराला आतले तापमान सुमारे 37 अंश राखावे लागते. गारठा पडला की कातडीकडील रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या अवयवांकडे वळते. म्हणून बोटे बधिर होतात व रक्तदाब वाढतो; हृदयविकार असलेल्यास हे फार जड जाते. शिवाय पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान निसर्गतःच सर्वांत खाली असते. जागणाऱ्याला तेव्हाच हुडहुडी भरते, ती उगीच नव्हे.

त्याहून वाईट ओल. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि दारे धरणाऱ्याचे पाय तर तासन् तास चिखलात. पायाला काच लागली तरी कळत नाही. बधिर, ओल्या हाताने स्टार्टर दाबणे म्हणजे जिवाशी खेळ.

घोटभर दारूने ऊब येते, हा समज आपल्या वस्त्यांत पक्का आहे. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात, ऊब वाटते. पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. त्यापेक्षा गुळाचा चहा बरा. गमबूट, कानटोपी, कोरड्या कपड्यांचा एक जोड जवळ असावा. बधिर पाय एकदम शेकोटीला लावू नयेत, भाजल्याचेही समजत नाही. बंद खोपीत निखारे ठेवून झोपणे तर प्राणघातकच.

थरथर थांबली, बोलणे अडखळू लागले, माणूस पेंगू लागला, तर त्याची थंडी गेली असे समजू नये. आतले तापमान 35 अंशांखाली गेल्याची ती खूण असते. ओले कपडे काढावेत, घोंगडीत गुंडाळावे, शुद्धीवर असेल तरच गरम गोड चहा पाजावा आणि उजाडण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.