तालूवरील वेदनारहित गाठ : तरुण रुग्णांतील लालाग्रंथींचे अर्बुद

मुखरोगात वेदना, दाह वा स्राव असला की रुग्ण त्वरित वैद्याकडे येतो. तालूवर सावकाश वाढणारी, न दुखणारी गाठ मात्र वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. तरुण रुग्णात अशी गाठ दिसल्यास लालाग्रंथीच्या अर्बुदाची शंका प्रथम घ्यावी.

मोठ्या लालाग्रंथींच्या तीन जोड्यांखेरीज ओठ, गाल, तालू इत्यादींच्या श्लेष्मल त्वचेखाली सुमारे ६०० ते १००० सूक्ष्म लालाग्रंथी असतात. त्यांच्या अर्बुदांचे सर्वांत नेहमीचे स्थान तालू होय. सौम्य अर्बुदांत ‘प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा’ सर्वाधिक आढळतो. बहुधा मध्यरेषेच्या एका बाजूस घट्ट, गोलाकार उंचवटा येतो व त्यावरील त्वचा अभंग असते.

व्यवच्छेदक निदान असे करावे : दंतमूलातील पूयामुळे आलेला शोथ सहसा वेदनायुक्त असून किडलेल्या दाताशी संबंधित असतो. मध्यरेषेवरील अस्थिवत् कठीण उंचवटा बहुधा ‘टोरस’ असतो. खालच्या ओठावरील निळसर, फुटून पुन्हा भरणारा फोड बहुधा ‘म्यूकोसील’ असतो.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १६ व्या अध्यायात ९ तालुगत रोग सांगितले आहेत. त्यांपैकी कच्छप हा कूर्माप्रमाणे उंचावलेला, वेदनारहित व मंदगतीने वाढणारा, तर तालुपुप्पुट बोराएवढा, स्थिर व वेदनारहित होय. साम्य उघड आहे. तथापि नाव जुळल्याने गाठीतील पेशींचे स्वरूप कळत नाही. चिकित्सास्थानाच्या २२ व्या अध्यायात या दोहोंस शस्त्रकर्मच सांगितले आहे. अर्बुदाचा शेष राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, असा इशारा १८ व्या अध्यायात आहे. आधुनिक अनुभवही तोच आहे : गाठ केवळ सोलून काढल्यास ती काही वर्षांनी पुन्हा येऊ शकते. म्हणून शल्यचिकित्सक भोवतालच्या निरोगी धातूच्या काठासह ती काढतात.

बालवयात व तारुण्याच्या आरंभी ही अर्बुदे विरळ असतात. परंतु बालकांत जी आढळतात त्यांत घातक अर्बुदांचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक असते. ‘म्यूकोएपिडरमॉइड कार्सिनोमा’ हा त्यांतील प्रमुख प्रकार आरंभी सौम्य गाठीसारखाच भासतो. शिवाय दीर्घकाळ राहिलेला ॲडिनोमाही क्वचित घातक रूप धारण करतो. व्रण, बधिरता, जलद वाढ वा दात हलणे ही लक्षणे धोक्याची होत. ती नसली तरी निर्धास्त राहू नये.

सबब, निदानापूर्वी अशा गाठीवर छेदन, क्षारकर्म वा अग्निकर्म करू नये. कांचनार गुग्गुळ वा गंडूष देत महिने दवडू नयेत. रुग्णास मुखशल्यतज्ज्ञ वा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. सुईने पेशी काढून वा बायोप्सी करून तपासणी व आवश्यकतेनुसार सीटी किंवा एमआरआय ते ठरवतील. एकाच गाठीसाठी वारंवार मलम वा गुळण्यांचे औषध मागणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनी तपासणीचा आग्रह करावा. शस्त्रकर्मानंतर व्रणरोपणार्थ गंडूषादी उपचार शल्यचिकित्सकाच्या संमतीने योजावेत आणि रुग्णाची मुखपरीक्षा पुढे अनेक वर्षे नियमित करावी.