डीएनए-दुरुस्ती, सस्तन प्राण्यांतील

डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) या आनुवंशिक द्रव्याच्या रेणूस झालेली इजा ओळखून ती भरून काढण्याच्या, कोशिकेतील (पेशीतील) विशिष्ट प्रथिनांकडून घडून येणाऱ्या क्रियांस डीएनए-दुरुस्ती असे म्हणतात. कोशिकेतील इतर बहुतेक रेणू खराब झाल्यास ते मोडून टाकून त्यांच्या जागी नवे रेणू तयार करता येतात. डीएनएच्या बाबतीत हे शक्य नसते. कारण नव्या रेणूंच्या रचनेची माहिती त्याच्यातच साठविलेली असते. त्यामुळे त्याची आहे त्या जागीच डागडुजी करावी लागते. डीएनएच्या दोन शृंखला परस्परपूरक असतात. एकीवर ॲडेनीन हा क्षारक असेल तेथे दुसरीवर थायमीन व एकीवर ग्वानीन असेल तेथे दुसरीवर सायटोसीन असते. एका शृंखलेवरील मजकूर बिघडला, तरी दुसरीवरून तो पुन्हा लिहिता येतो. दुरुस्तीच्या बहुतेक पद्धती याच गुणधर्मावर आधारलेल्या आहेत.

इजेचे प्रकार : मानवाच्या प्रत्येक दैहिक कोशिकेत सु. ६ अब्ज क्षारकयुग्मे असतात. बाहेरून कोणताही आघात झाला नाही, तरी कोशिकेतील पाणी व उष्णता यांमुळेच डीएनएचे सतत विघटन होत असते. प्रत्येक कोशिकेत दररोज सु. १०,००० प्यूरीन क्षारक (ॲडेनीन व ग्वानीन) शर्करेपासून सुटून गळून पडतात, असा अंदाज आहे. सायटोसिनातील ॲमिनो गट निघून गेल्यास त्याचे युरॅसिल बनते व प्रतिकृती तयार होताना चुकीचा क्षारक बसतो. श्वसनक्रियेत निर्माण होणाऱ्या ऑक्सिजनाच्या क्रियाशील रूपांमुळे ग्वानिनाचे ऑक्सिडीभवन होते. सूर्यप्रकाशातील जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांमुळे एकाच शृंखलेवरील शेजारशेजारचे दोन थायमीन किंवा सायटोसीन क्षारक एकमेकांस जोडले जातात. तंबाखूच्या धुरातील काही संयुगे क्षारकांना चिकटून बसतात. क्ष-किरण व गॅमा किरण यांमुळे दोन्ही शृंखला एकाच ठिकाणी तुटू शकतात. हा इजेचा सर्वांत घातक प्रकार होय. इजा दुरुस्त होण्यापूर्वी प्रतिकृती तयार झाल्यास उत्परिवर्तन (आनुवंशिक मजकुरात होणारा कायमचा बदल) घडून येते [⟶ उत्परिवर्तन].

इतिहास : डीएनए हा अतिशय स्थिर रेणू असावा, असा समज दीर्घकाळ रूढ होता. जंबुपार किरणांनी मरणोन्मुख झालेले सूक्ष्मजीव दृश्य प्रकाशात ठेवल्यास पुन्हा वाढू लागतात, असे १९४९ मध्ये ॲल्बर्ट केल्नर यांना आढळून आले. त्याच वर्षी रेनातो दुल्बेको यांनी जंतुभक्षक व्हायरसांच्या बाबतीत असाच शोध लावला. बिघडलेला भाग डीएनएमधून कापून काढला जातो, हे १९६४ मध्ये जंतूंवरील प्रयोगांतून सिद्ध झाले. रॅस्मुसेन व रॉबर्ट पेंटर यांनी त्याच वर्षी संवर्धित सस्तन कोशिकांत अशी दुरुस्ती होत असल्याचा पुरावा दिला. शुष्कवर्णी त्वचारोग (झेरोडर्मा पिग्मेंटोसम) झालेल्यांच्या कोशिकांत ही क्षमता नसते, असे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखविले. दुरुस्तीतील वैगुण्य व कर्करोग यांचा संबंध त्यामुळे प्रथमच स्पष्ट झाला. युरॅसिल काढून टाकणारे एंझाइम (सजीवांतील रासायनिक विक्रियांना चालना देणारे प्रथिन) टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये शोधून काढले. दुरुस्तीच्या यंत्रणांच्या अभ्यासाबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

थेट दुरुस्ती : काही थोड्या इजा डीएनए न कापता नाहीशा करता येतात. ग्वानिनाच्या ऑक्सिजन अणूस चिकटलेला मिथिल गट एक विशिष्ट प्रथिन स्वतःवर ओढून घेते. हा गट पुन्हा निघत नसल्याने प्रथिनाचा प्रत्येक रेणू एकदाच उपयोगी पडतो व नंतर नष्ट केला जातो. एका क्षारकासाठी संपूर्ण प्रथिनरेणू खर्ची घालण्याचे हे उदाहरण या इजेचे गांभीर्य दर्शविते. जंबुपार किरणांनी जोडले गेलेले क्षारक दृश्य प्रकाशाच्या ऊर्जेने सोडविणारे फोटोलायेज हे एंझाइम जंतू, वनस्पती, पक्षी व शिशुधान (कांगारूसारखे पोटावरील पिशवीत पिलू वाढविणारे) प्राणी यांत असते. मानवासह सर्व अपरायुक्त (वारयुक्त) सस्तन प्राण्यांत मात्र ते आढळत नाही. त्यामुळे या प्राण्यांना अशा इजेसाठी पुढे वर्णिलेल्या न्यूक्लिओटाइड-उच्छेदनावरच अवलंबून राहावे लागते.

क्षारक-उच्छेदन : एकच क्षारक बिघडला असल्यास ही पद्धत उपयोगी पडते. ग्लायकोसिलेज या गटातील एंझाइमे डीएनएवरून सरकत जाऊन सदोष क्षारक शृंखलेबाहेर वळवितात व शर्करेपासून तोडून टाकतात. युरॅसिल, ऑक्सिडीभूत ग्वानीन इत्यादींसाठी निरनिराळी ग्लायकोसिलेजे असतात. क्षारक निघून गेलेल्या रिकाम्या जागी दुसरे एंझाइम शृंखलेस छेद देते, बीटा पॉलिमरेज हे एंझाइम समोरील शृंखलेवरून वाचून योग्य न्यूक्लिओटाइड (क्षारक, शर्करा व फॉस्फेट यांचे एकक) बसविते आणि शेवटी लायगेज हे एंझाइम सांधा जोडते. आपोआप गळून पडलेल्या क्षारकांची भरपाईही याच मार्गाने होते.

न्यूक्लिओटाइड-उच्छेदन : डीएनएच्या सर्पिलाचा आकार बिघडविणाऱ्या मोठ्या इजांसाठी ही पद्धत वापरली जाते. एक्सपीसी हे प्रथिन विशिष्ट रासायनिक बदल न ओळखता सर्पिलातील वाकडेपणा ओळखते. नंतर दहा प्रथिनांचा एक समूह तेथे येतो व त्यातील एक्सपीबी आणि एक्सपीडी ही प्रथिने दोन शृंखला उलगडतात. एक्सपीए या प्रथिनाच्या साहाय्याने इजेची खातरजमा झाल्यावर एक्सपीएफ व एक्सपीजी ही कात्रीसारखी कार्य करणारी एंझाइमे इजेच्या दोन्ही बाजूंस छेद देतात. त्यामुळे सु. २४ ते ३२ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा सुटून निघतो आणि पडलेली फट पूरक शृंखलेच्या आधारे भरली जाते. या प्रथिनांच्या नावांतील ‘एक्सपी’ ही अक्षरे शुष्कवर्णी त्वचारोगाच्या इंग्रजी नावावरून आलेली आहेत. कारण त्यांपैकी कोणत्याही एकाच्या जीनमधील (आनुवंशिक घटकातील) दोषामुळे हा रोग उद्‌भवतो. ज्या जीनांचे प्रतिलेखन (आरएनएमध्ये नक्कल) चालू असते त्यांची दुरुस्ती आधी होते, हे फिलिप हॅनावॉल्ट व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये हॅम्स्टरच्या कोशिकांत दाखविले. प्रतिलेखन करणारे एंझाइम इजेपाशी अडकून पडते व हा अडथळाच दुरुस्ती-प्रथिनांना पाचारण करतो.

विजोड-दुरुस्ती : प्रतिकृती तयार करणारी एंझाइमे अत्यंत अचूक असली, तरी त्यांच्याकडून क्वचित चुकीचा क्षारक बसविला जातो. एमएसएच-२ व एमएसएच-६ या प्रथिनांची जोडी असे विजोड युग्म ओळखते, एमएलएच-१ व पीएमएस-२ ही जोडी नव्या शृंखलेस छेद देते आणि चुकीचा भाग काढून तो पुन्हा लिहिला जातो. येथे दोन्ही क्षारक रासायनिक दृष्ट्या निर्दोष असल्याने नवी शृंखला कोणती हे ओळखणे महत्त्वाचे ठरते. अन्यथा मूळ मजकूरच बदलला जाईल. नव्या शृंखलेत अद्याप न सांधलेले छेद असतात व त्यांवरून ती ओळखली जाते. या पद्धतीमुळे प्रतिकृतीची अचूकता १०० पटींहून अधिक वाढते.

दोन्ही शृंखलांच्या तुटीची दुरुस्ती : अशा तुटीच्या वेळी समोरची शृंखलाही अखंड नसते. केयू नावाची प्रथिनजोडी तुटलेल्या टोकांभोवती कड्यासारखी बसते व अन्य प्रथिनांच्या मदतीने टोके सरळ एकमेकांस जोडली जातात. ही पद्धत जलद असते. परंतु सांध्यावरील काही न्यूक्लिओटाइडे गमावली जाऊ शकतात. दुसऱ्या पद्धतीत प्रतिकृतीमुळे तयार झालेल्या जुळ्या डीएनए रेणूचा नमुना म्हणून उपयोग केला जातो. बीआरसीए-२ हे प्रथिन तुटलेल्या शृंखलेवर आरएडी-५१ या प्रथिनाचे रेणू ओळीने बसविते. हा प्रथिनयुक्त तंतू जुळ्या रेणूतील समान भाग शोधून काढतो आणि त्यावरून हरवलेला मजकूर उतरवून घेतला जातो. ही पद्धत अचूक असली, तरी डीएनएची प्रतिकृती झाल्यावरच ती शक्य असते. विशेष म्हणजे प्रतिपिंडांची विविधता निर्माण करताना लसिका कोशिका स्वतःचे डीएनए हेतुतः तोडतात व पहिल्या पद्धतीने ते जोडतात. त्यामुळे या पद्धतीतील काही प्रथिने सदोष असल्यास रोगप्रतिकारक्षमता जवळजवळ नाहीशी होते.

इजेचे संकेत : तुटीची वार्ता एटीएम हे प्रथिन कोशिकेत पसरविते. पी५३ या प्रथिनाची पातळी वाढून कोशिकाविभाजन थांबविले जाते व दुरुस्तीस अवसर मिळतो. इजा आवाक्याबाहेरची असल्यास कोशिका स्वतःचा नाश घडवून आणते. सदोष कोशिकेची वाढ होण्यापेक्षा तिचा नाश शरीराच्या हिताचा असतो.

प्राणिजातींतील भेद : दीर्घायुषी सस्तन प्राण्यांच्या कोशिका जंबुपार किरणांची इजा अल्पायुषी प्राण्यांच्या कोशिकांपेक्षा अधिक प्रमाणात दुरुस्त करतात, असे रोनाल्ड हार्ट व रिचर्ड सेटलो यांनी १९७४ मध्ये दाखविले. उंदरांसारख्या कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांत प्रतिलेखन न होणाऱ्या डीएनएमधील जोडले गेलेले क्षारक फारच सावकाश काढले जातात. त्यामुळे कर्करोगकारक द्रव्यांविषयी अशा प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मानवास लागू करताना सावधगिरी बाळगावी लागते.

रोग व उपचार : शुष्कवर्णी त्वचारोग झालेल्या मुलांच्या त्वचेवर उन्हाने डाग पडतात व अनेकदा वयाच्या पहिल्या दशकातच त्वचेचा कर्करोग होतो. हा रोग समूळ बरा करणारा उपचार उपलब्ध नसल्याने जंबुपार किरणांपासून डोळे व त्वचा यांचे काटेकोर संरक्षण करणे हाच मुख्य उपाय आहे. रोगनिदान जितके लवकर होईल तितके ते अधिक परिणामकारक ठरते. विजोड-दुरुस्तीच्या जीनांतील आनुवंशिक दोषामुळे लिंच लक्षणसमूह उद्‌भवतो व तरुण वयात मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. बीआरसीए-१ (१९९४) व बीआरसीए-२ (१९९५) या शोधल्या गेलेल्या जीनांत दोष असणाऱ्या स्त्रियांपैकी सु. ७० टक्के स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. अशा कुटुंबांतील व्यक्तींची जीनपरीक्षा करून धोका आधी ओळखता येतो व नियमित तपासणीने रोग लवकर सापडू शकतो.

दुरुस्तीतील हेच वैगुण्य उपचारासाठीही उपयोगी पडते. प्रारण-चिकित्सा व सिसप्लॅटिनासारखी औषधे कर्ककोशिकांच्या डीएनएला इजा करूनच कार्य करतात. बीआरसीए प्रथिने नसलेल्या कर्ककोशिका एका शृंखलेच्या तुटीची वार्ता देणाऱ्या पीएआरपी या एंझाइमावर विशेषत्वाने अवलंबून असतात. ते एंझाइम रोखल्यास अशा कोशिका मरतात. निरोगी कोशिका मात्र तगून राहतात, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. या तत्त्वावर आधारलेले ओलापॅरिब हे औषध अंडकोशाच्या कर्करोगावर २०१४ पासून वापरात आहे. तथापि काही कर्ककोशिका कालांतराने हरवलेली दुरुस्तीक्षमता नव्या उत्परिवर्तनाने परत मिळवितात व औषधास दाद देईनाशा होतात. निरोगी कोशिकेस तारणारी यंत्रणाच अशा प्रकारे रोगग्रस्त कोशिकेसही तारते आणि उपचाराचे यश मर्यादित होते.