दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर अधिक, वेळ मात्र कमी

विमानप्रवासाला लागणारा वेळ दोन शहरांमधील अंतरावर अवलंबून असतो, असा सर्वसाधारण समज आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या विमानसेवेच्या अनुभवाने मात्र हा समज अपुरा ठरविला आहे.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर असून ही रेषा उत्तर ध्रुवीय प्रदेशातून जाते. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमाने युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जात असत. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने पूर्वेकडील प्रशांत महासागराचा मार्ग निवडला. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटरवर गेले, तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी पोहोचले.

याचे कारण वाऱ्यात आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याचा वेग १०० किलोमीटर असेल, तर ८,००० किलोमीटर कापण्यास १० तास लागतात. हाच वारा पाठीमागून असल्यास ८ तास पुरतात. हिवाळ्यात हे वारे अधिक प्रबळ असल्याने एकाच मार्गावरील वेळ ऋतुमानानुसार बदलतो.

वाऱ्याइतकाच राजकीय सीमांचाही परिणाम होतो. पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले हवाई क्षेत्र बंद केले. त्यामुळे उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. अधिक इंधन म्हणजे अधिक वजन. परिणामी काही विमानांना वाटेत इंधनासाठी थांबावे लागले. एअर इंडियाने सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा स्थगित केली, त्यामागील एक कारण हेच होते.

तिकिटावरील वेळा वाचतानाही काळजी घ्यावी लागते, कारण त्या त्या-त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार असतात. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोची घड्याळे भारतापेक्षा साडेबारा तास मागे असतात, हिवाळ्यात साडेतेरा तास. त्यामुळे उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी उतरते, तेव्हा तेथे त्याच तारखेचे सकाळचे ६ वाजलेले असतात. वरवर दोन तासांचा वाटणारा हा प्रवास प्रत्यक्षात अर्ध्या दिवसाहून मोठा असतो. पुढील विमान पकडावयाचे असणाऱ्यांनी आणि विमानतळावर घ्यावयास येणाऱ्या नातलगांनी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.